हरणीची धाव : बागेतली नोंदवही

१३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हरणी, आमची कारवानी कुत्री, घरी आली. पहाटे पाचला पुण्याहून निघालो. आंबोलीचा घाट उतरताना ती दोनदा ओकली. दुपारी तीनला वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमच्या खळ्यात गाडी थांबली, तर खाली उतरायलाच तयार नव्हती. शेवटी दादाने उचलून पडवीत आणली.

वजन १७ किलो ४०० ग्रॅम, खांद्यापाशी उंची २६ इंच, वय अडीचेक वर्षं. रंग सुक्या गवतासारखा. या जातीत मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ठीकच असतं, पण हिच्या कमरेची हाडंही वर आलीत. पंढरपूरच्या बाजूला उसाच्या फडाकडेला सापडली होती, गळ्यात तुटकी दोरी. तिथून पुण्याच्या शेल्टरमध्ये आली. चार महिने तिला कोणी मागितलं नाही.

कारवानी म्हणजे दख्खनच्या माळरानावरची, वास घेत न फिरता नजरेने सावज टिपून पाठलाग करणारी जात. केनेल क्लब ऑफ इंडिया तिला कॅरव्हान हाउंड म्हणतो, कर्नाटकात ती मुधोळ हाउंड, अंगावर रेशमी झुपके असले की पश्मी. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. सशामागे सोडण्यासाठी पिढ्यानपिढ्या जोपासलेला हा कुत्रा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण कुत्र्याच्या अंगात ती धाव तशीच राहिली. त्या धावेचं काय करायचं, यासाठी ही वही घातली आहे.

शेल्टरच्या अटी लिहून ठेवते: साखळीने बांधायची नाही, नसबंदी करायची, जमलं नाही तर दुसऱ्या कोणाला न देता परत त्यांच्याकडेच आणून द्यायची. तिथल्या मुलीने निघताना माझा हात धरून सांगितलं, "ताई, पहिले तीन महिने मोकळी सोडू नका. कितीही प्रेमाने बघितलं तरी नाही."

१६ ऑक्टोबर

तीन दिवस बाबांच्या खाटेखाली. रात्री सगळे निजले की बाहेर येते, पेज आणि उकडलेलं चिकन संपवते, पुन्हा आत. आई कोणालाही तिच्याकडे बघू देत नाही. म्हणते, नवी सून आल्यावर सगळं घर दारात उभं राहून बघत बसतं का? तिला तिच्या वेळेने येऊ दे.

आज दुपारी मी जमिनीवर भात निवडत होते. पाठीला काहीतरी टेकलं. तिची हनुवटी. मी हललेच नाही. पाय सुन्न झाला तरी पाव तास तशीच बसले.

२० ऑक्टोबर

कुडाळला डॉक्टरांकडे. रक्ताच्या तपासणीत गोचीडतापाची लागण आणि प्लेटलेट्स कमी. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, पोट भरल्यावर. रेबीजची लस शेल्टरमध्ये झाली होती. नाइन-इन-वन लस ताप उतरल्यावर द्यायची, कारण त्यात लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, संरक्षण आहे आणि आमच्याकडे भातखाचरात, पाणंदीत उंदरांच्या मुतामुळे पावसाळ्यात लेप्टो माणसांनाही सोडत नाही. गोचिडांचं तर विचारूच नये. २०१६ साली आमच्याच जिल्ह्यात दोडामार्गकडे माकडतापाने माणसं गेली, तोही गोचिडांतूनच पसरतो. तेव्हापासून आई गुरांच्या अंगावरची गोचीड काढून रॉकेलात टाकते. आता रोज संध्याकाळी कंदिलाच्या खुंटीखाली हरणीचे कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासायच्या.

२७ ऑक्टोबर

आज चूक झाली आणि ती माझीच.

संध्याकाळी काजूच्या बागेत तिला घेऊन गेले. गळ्यात साधा पट्टा, हातात सहा फुटी दोरी. या कुत्र्यांची मान डोक्याहून जाड असते, हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितलं नव्हतं. गडग्यापलीकडे, बागेच्या दगडी बांधापलीकडे, काहीतरी हललं. तिने मान खाली घालून एक हिसका दिला. पट्टा माझ्या हातात आणि हरणी साडेतीन फुटी गडग्याच्या वरून, त्याला पाय न लावता पलीकडे. मी हाक मारली. तिचा कान इकडे वळलाही नाही. तिला माझी हाक ऐकूच आली नसेल, असं मला आता वाटतं. तिचं सगळं अंग त्या वेळी डोळ्यांत होतं.

दादा मोटरसायकलवर सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाकडे, मी बॅटरी घेऊन पाणंदीने. गेल्या वर्षी वरच्या वाडीतली दोन कुत्री बिबट्याने नेली, तेच सारखं डोक्यात. पावणेअकराला ती आपली आपण खळ्यात आली. कातळावर पुढच्या उजव्या पंजाची गादी फाटली होती. आईने मिठाच्या कोमट पाण्याने पंजा धुतला. ती कण्हली नाही, पण सगळं अंग थरथरत होतं. माझंही.

३० ऑक्टोबर

ठरलं. गडगा म्हणजे कुंपण नव्हे. ही फिरवून दमणारी नाही. रोज तीन किलोमीटर दोरीने चालवली तरी घरी येऊन पडवीत येरझाऱ्या घालते. तिला पूर्ण वेगाने धावायला हवं. ते दिवसातून पाच-सात मिनिटं मिळालं तरी हिला पुरावं. पण ती पाच मिनिटं कोणाच्या कोंबड्या, बकऱ्या, सशांच्या वाट्याला जाता कामा नयेत.

बागेच्या मागच्या अंगाला सात गुंठ्यांची पट्टी आहे, ५० मीटर लांब, १४ मीटर रुंद. सहा जुनी काजूची झाडं मेलेली. तिथे जाळी मारायची. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "झाडां मेलीच हत. कुत्रो तरी जगांदे." त्यांच्यासाठी अजून सगळीच कुत्री 'कुत्रो'.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. माजघरात गोधड्या लावून तिच्यासोबत बसले. फटाके साडेदहाला थांबले.

१४ नोव्हेंबर

पहिल्यांदा समुद्र.

आता गळ्यात ओढ बसली की आवळणारा, डोक्यावरून न निसटणारा दुहेरी फासाचा रुंद पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हीला दोऱ्या. सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि ती थांबली. पुढचा एक पाय वर, तसाच. काळ्या मातीच्या मुलखातला हा जीव. समोर ओहोटीची पुळण, कुंपण नाही, झाड नाही, डोळा पोचेल तिथपर्यंत मोकळं. नाकपुड्या हलत होत्या. मग लाट फुटली तशी ती एकदम मागे सरून माझ्या गुडघ्याला चिकटली.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. आम्ही लांबच उभे राहिलो. जाळ्यातून निवडून फेकलेले केंड मासे वाळूत पडले होते, पोट फुगवून. हरणीने एकाकडे मान लांब केली तशी एक रापणकर ओरडला, "बाय, तिका केंड खावक दिव नको, मरतली!" बरोबर आहे. केंडाच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, त्यावर उतारा नाही. रापणीच्या वेळी किनाऱ्यावर जायचं नाही, आणि गेलंच तर तोंडाला जाळीची टोपली. मागवली आहे.

२४ नोव्हेंबर

लांब दोरीचा सराव. घरात होडीची नायलॉन दोरी होती, तीच पंधरा मीटर कापून घेतली. हे कोणी करू नये. टिटवीमागे ती सुटली, दोरी माझ्या तळव्यातून गेली आणि दोन बोटांची कातडी घेऊन गेली. आता सुती पट्ट्याची दोरी, दर दोन मीटरवर गाठ, हातात गायीला दावं बांधताना घालायचे जुने मोजे.

दुसरं अधिक महत्त्वाचं. लांब दोरी गळ्याच्या पट्ट्याला कधीच बांधायची नाही. पंधरा मीटरमध्ये ही पूर्ण वेगात येते आणि दोरी संपली की तो सगळा झटका मानेवर. हार्नेसलाच बांधायची, आणि ती सुटली की आपणही तिच्या दिशेने दहा पावलं धावायचं, म्हणजे दोरी एकदम ताणत नाही.

शिट्टी सुरू केली. एक लांब, दोन आखूड. शिट्टी वाजली की सुकट, दुसऱ्या कशासाठीही सुकट नाही. घरात वीसपैकी वीस वेळा येते.

८ डिसेंबर

सकाळी किनाऱ्यावर कासवमित्र भेटले. भल्या पहाटे पुळणीवर चालत कासविणीच्या पावलांची रेघ शोधतात, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी दिसते. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी सापडतात. मादी रात्री येते, वाळूत हात-दीडहात खड्डा करून शंभरेक अंडी घालते, झाकते आणि मागे न बघता समुद्रात जाते. अंडी हलवून जाळीच्या कुंपणात ठेवतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. न सापडलेलं घरटं कोल्हे, रानडुकरं आणि कुत्री उकरतात.

ते काही बोलले नाहीत, फक्त हरणीकडे बघितलं. मीच म्हटलं, "काका, मार्च सरेपर्यंत ही सूर्य वर आल्याशिवाय आणि दोरीशिवाय किनाऱ्यावर दिसणार नाही." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "दोरी आसली काय पुरे."

मला हे मनापासून वाटतं. कुत्रा मी हौसेने आणला, कासविणीने नाही. किनाऱ्यावरचा तिचा हक्क माझ्या हौसेच्या कितीतरी आधीचा आहे.

२१ डिसेंबर

हरणीने शेजारच्या काकीची तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मारली.

पडवीचं दार बाबांच्या हातून उघडं राहिलं. तलंग खळ्यातून पळाली आणि पळाली म्हणूनच मेली. थांबली असती तर कदाचित हरणीने वास घेऊन सोडली असती. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. हरणी तोंडातलं खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. शेपटी हळू हलत होती. तिला मारलं नाही, ओरडलेही नाही. तिने जे केलं त्यासाठीच तिची जात घडली आहे, आणि दार बंद ठेवणं हे आमचं काम.

काकी आली. "गो बाय, तुज्या हरणीन माजी तलंग मारल्यान. महिन्यान अंडी घालूक लागतली हुती." मी पैसे पुढे केले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "पैशे नको. पण तिका आवर. उद्या बकऱ्याच्या पिलाक धरल्यान तर गावात तोंड दाखवशीत काय?" संध्याकाळी सावंतवाडीहून दोन तलंगा आणून तिच्या खुराड्यात सोडल्या. तिथेच उभं राहून शब्द दिला, जानेवारी संपायच्या आत जाळी होईल.

घराच्या मागच्या-पुढच्या दोन्ही दारांना दगडी वजनाची दोरी लावली. सोडलं की आपोआप लागतं.

५ ते २२ जानेवारी २०२५ : जाळीचं काम

नोंदी रोज लिहिल्या नाहीत, एकत्र लिहिते.

मेलेली काजू तोडली. खोडं खणून काढावीच लागली. दादा म्हणाला, वरून कापून टाकू. पण वेगात धावणाऱ्या कुत्र्याच्या पायाला इंचभर वर आलेलं खोड लागलं तर हाड मोडतं. या जातीचे पाय लांब आणि बारीक, वर मांस नाही. चार गडी, तीन दिवस. खड्ड्यांत माती भरून पाणी मारून ठोकली.

सिमेंटचे खांब ५२, अडीच-अडीच मीटरवर. जाळी सहा फुटी. साधी गॅल्व्हनाइज्ड स्वस्त पडत होती, पण किनाऱ्यापासून आम्ही दीड किलोमीटरवर, खारी हवा तिला चार पावसाळ्यांत खाते. बाबांनी परसाच्या जुन्या जाळीचा तुकडा हातात चुरून दाखवला. पीव्हीसी चढवलेली घेतली, पन्नास फुटांच्या नऊ गुंडाळ्या. हिरवीच घेतली, पण खालच्या तीन फुटांवर जुन्या पांढऱ्या साड्यांच्या पट्ट्या बांधल्या. नजरेने धावणाऱ्याला हिरव्यात हिरवी जाळी दिसत नाही, तो सरळ तिच्यावर जातो.

जाळीखाली जांभ्याचे चिरे एक रांग पुरले, साडेतीनशेच्या आसपास. त्याने हरणी खणून बाहेर जात नाही आणि डुकरंही आत येत नाहीत.

कोपऱ्यांवरून वाद झाला. गवंडी म्हणत होता, काटकोनात बांधू, सोपं पडतं. मी हट्ट धरला. वेगात आलेल्या कुत्र्याला काटकोनात वळता येत नाही, दोन्ही टोकं गोलच हवीत. त्यासाठी सहा खांब उपटून पुन्हा रोवले. गवंड्याने एक दिवसाची मजुरी घेतली नाही. म्हणाला, कुत्र्यासाठी एवढं करतेस, तर माझा एक दिवस.

२६ जानेवारी

सकाळी साडेसात. दव होतं, ऊन अजून माडांच्या शेंड्यांत. फाटक लावलं, कडी घातली, दोनदा हलवून बघितली. मग हार्नेस काढला.

बारा फुटी बांबूच्या टोकाला दोरी, दोरीला सशाएवढी चिंध्यांची मोळी. मी चिंधी ओढली.

ती आधी खाली बसल्यासारखी झाली. पाठ कमानीसारखी वर आली, मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडले आणि मग अंग सरळ बाणासारखं लांबलं. या कुत्र्यांची धाव दुहेरी झेपेची असते, पावलांच्या प्रत्येक फेरीत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आकसलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. वाचून माहीत होतं. पण ती माझ्याजवळून गेली तेव्हा कानावर पावलांचा आवाज आलाच नाही. फक्त श्वास, आणि मागून उडालेली माती माझ्या साडीवर. लांबचं टोक, गोलाई, पुन्हा इकडे. कान मागे चिकटलेले, तोंड थोडं उघडं. चार फेऱ्यांनंतर ती आपणच थांबली, चिंधी दोन्ही पंजांत धरून आडवी झाली आणि जीभ मातीला टेकवून माझ्याकडे बघत राहिली.

गडग्यापलीकडे काकी उभी होती. कधी आली कळलं नाही. म्हणाली, "घोड्यावानी धावता गो." मी रडत होते. ती जवळ आली आणि पदराने माझं तोंड पुसलं.

२७ जानेवारी

रात्रभर पडवीत येरझाऱ्या नाहीत. उताणी झोपली, चारही पाय वर.

१५ फेब्रुवारी

नसबंदी. वजन २२ किलो १००. डॉक्टरांशी आधीच बोलून घेतलं होतं. या जातीच्या अंगावर चरबी नाही, त्यामुळे थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं अंगातून लवकर उतरत नाहीत. ते म्हणाले, मला माहीत आहे, दुसरं औषध देणार आहे. तरी सांगितलं याचं वाईट वाटलं नाही. सगळ्यांनी सांगावं. शुद्धीवर येताना थंडीने कापत होती, बाबांची कांबळी नेली होती ती उपयोगी पडली. दहा दिवस धावपट्टी बंद, टाके सुकेपर्यंत फक्त दोरीने.

१४ मार्च

होळी काल झाली, आज धुळवड. ढोलांचा आवाज लांबून. हरणी बाबांच्या पायाशी. आता तिला खाटेखाली जावं लागत नाही.

गेल्या आठवड्यात किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडली. हरणीला घरी ठेवून मी एकटी गेले. ६१ निघाली होती. तळहाताएवढीही नसतात, ओल्या वाळूवर चपट्या वल्ह्यांनी सरकतात. एक उलटं पडलं, लाटेने सरळ केलं आणि नेलं.

२० एप्रिल

काजूचा हंगाम. बागेत बोंडांचा आंबूस वास, माणसांची ये-जा, वर माकडं. शिट्टीची मोजणी, प्रत्येकी वीस वेळा:

धावपट्टीत, समोर काही नाही : १९
किनाऱ्यावर, दुपारी, लांब दोरीने : १५
कावळे किंवा टिटवी दिसत असताना : ४

तिसरा आकडा वर्षभर मेहनत केली तर आठ-दहा होईल. वीस कधीच होणार नाही. म्हणून ती उघड्यावर दोरीशिवाय सुटणार नाही, कधीच. लोक म्हणतात, आता माणसाळली, सोड की. माणसाळली आहेच. सोडणार नाही.

खाणं दोन वेळा, धावल्यानंतर तासभर थांबून. या कुत्र्यांची छाती खोल, भरल्या पोटी धावली तर जठराला पीळ पडण्याची भीती असते.

२५ मे

पाऊस लवकर आला. आज हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं. इतक्या लवकर तो इकडे १९९० नंतर आला नव्हता. आमची आगोटच, पावसाआधीची बेगमी, झालेली नाही, लाकडं अर्धी बाहेर भिजली.

धावपट्टी तीन दिवसांत चिखल. बांधावर शेवाळ धरलं. निसरड्यावर तिला सोडायची नाही, खांदा निखळेल. त्यात या दिवसांत फुरसं पालापाचोळ्यात, दगडाखाली. रोज सकाळी काठीने पट्टी झाडून मगच आत.

१२ जून

पावसाळ्यात तिचं काय करायचं, याची मला जास्त काळजी होती. उत्तर अर्धंच सापडलं आहे. माजघरात सुकटीच्या पुड्या लपवायच्या, ती शोधते, अर्ध्या तासाने दमते. डोळ्याच्या कुत्र्याला नाकाचं काम देणं सोपं नाही, पहिले चार दिवस ती पुडीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. आता शोधते. उघडीप मिळाली की कोरड्या भागात दोन फेऱ्या. दादाने मधल्या वीस मीटरवर खडी आणि वर वाळू टाकली आहे, तिथलं पाणी तासाभरात निचरतं. पुढच्या हंगामात सगळीकडे तसंच करायचं.

बाहेरून आली की बोटांच्या बेचक्या सुक्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर चिखल्या होतात. हे काम बाबांनी आपल्याकडे घेतलं आहे. ती चारी पाय एकामागून एक त्यांच्या मांडीवर ठेवते.

२९ जून

वजन २३ किलो ३००. पश्चिमेच्या गोलाईतले दोन खांब पावसाने कलले, खालची माती वाहून गेली. तात्पुरते बांबूचे टेके दिले. गवंड्याला निरोप धाडला आहे, तो भातलावणी आटपली की येतो म्हणाला. तोवर तेवढ्या भागात दोरी आडवी बांधून अर्धीच पट्टी वापरायची.

काकीने सकाळी अंडी पाठवली, सहा. नव्या दोन तलंगांपैकी एकीची. त्यातली दोन हरणीला, उकडून.